आजोबांच्या लॉगबुकातले ३१ तास ४० मिनिटं : बेगमपेट, देवळाली आणि अर्धा पंख

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की आजोबा १९४३ साली एअरफोर्सच्या पायलट ट्रेनिंगला गेले होते, घरात सगळे सांगतात ते देवळालीला विमान शिकले आणि पुढे स्पिटफायर हे लढाऊ विमान उडवलं, आता माळ्यावरच्या ट्रंकेत त्यांचं लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, सापडलंय तर त्यात देवळालीचं नाव औषधालासुद्धा नाही, सगळीकडे बेगमपेट, आणि २७ एप्रिलनंतर पानं कोरी. मग घरचे खोटं सांगत होते का, आणि हे बेगमपेट स्टेशन नक्की काय होतं?

मी स्वतः पायलट नाही हे आधीच सांगून टाकतो. एअरफोर्समध्ये वीस वर्षं इंजिन फिटर, त्यातली बरीचशी ट्रेनिंगच्या विमानांवर, मग ओझरला नोकरी, आता नाशिकरोडला घरी बसून लोकांच्या आजोबा-काकांची लॉगबुकं वाचून देतो, हा रिकामपणाचा उद्योग. तुम्ही पाठवलेले सहा पानांचे फोटो नीट बघितले, दोनदा बघितले. खोटं कुणी बोललेलं नाही असं माझं मत, पण गोष्ट घरात सांगतात तशी नाही.

आधी देवळालीचं मिटवू. युद्धाच्या काळात देवळाली म्हणजे लष्कराचा कॅम्प, इंग्रज शिपायांचा ट्रान्झिट कॅम्प तर त्याच्याही कितीतरी आधीपासूनचा, मायदेशी जायच्या बोटीची वाट बघत सोल्जर इथं महिनोन्‌महिने पडून असायचे आणि डोकं फिरायचं त्यांचं, इंग्रजीत वेड लागण्याला जो ‘डुलाली’ शब्द आहे तो आपल्या देवळालीवरूनच गेलाय. १९४१ ला तोफखान्याचं स्कूल काकूलहून इथं आलं. विमानं इथं आली ती ह्या तोफखान्यामुळेच, ऑस्टर नावाची छोटी विमानं, आणि त्यात बसणारा पायलट हा तोफखान्याचाच ऑफिसर. वरून बघून वायरलेसवर सांगायचं की गोळा कुठं पडला, आता डावीकडे घ्या, आता पुढं टाका. ह्याला एअर ओपी म्हणायचे. पुढे बर्मात गाजलेली रॉयल एअरफोर्सची ६५६ स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, १९४३ च्या उत्तरार्धात मुंबईला उतरली आणि बर्माला जायच्या आधी देवळालीत तयारी करून गेली. आज नाशिकरोडला गांधीनगरच्या धावपट्टीवर जी हेलिकॉप्टरं घिरट्या घालताना दिसतात ते आर्मी एव्हिएशनचं स्कूल, २००३ पासून इथं, पण त्यांचं मूळ त्या तोफखान्याच्या पायलटांमध्येच आहे. ओझरचा कारखाना तर १९६४ चा, मिग-२१ साठी काढलेला, युद्धाशी त्याचा काही संबंध नाही, हे सांगावं लागतं कारण मला दर दोन महिन्यांनी कुणीतरी सांगतं की आमचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात ओझरला होते.

तर तुमच्या आजोबांची पानं एप्रिल १९४३ ला संपतात, ऑस्टरवाले त्याच्यानंतर आले, आणि ते होते तोफखान्याचे. एअरफोर्सचा कॅडेट देवळालीत विमान शिकला असणं जुळत नाही. मग घरात देवळाली का म्हणत असतील? माझा अंदाज, आजोबा ट्रेन पकडायला देवळाली स्टेशनवर गेले असतील, घरच्यांनी शेवटचं तिथं पाहिलं, आणि पुढचं सगळं ‘देवळालीहून’ झालं. मी बघितलेल्या बऱ्याच घरांत असंच झालेलं आहे, निरोप दिला ते स्टेशनच लक्षात राहतं.

आता बेगमपेट. १९३९ ला युद्ध सुरू झालं तेव्हा आपल्या एअरफोर्सकडे एक स्क्वाड्रन होती. एक. १९३३ ला कराचीला चार वापिटी विमानांवर उभी राहिलेली. तोपर्यंत पायलट व्हायला इंग्लंडला क्रॅनवेलच्या एअरफोर्स कॉलेजला जावं लागायचं, वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. युद्ध आलं आणि एकदम शेकड्याने पायलट पाहिजे झाले, म्हणून सुरुवातीला फ्लाइंग क्लबांतून पोरं उचलली, मुंबईच्या जुहूसारख्या क्लबात टायगर मॉथ ह्या शिकवायच्या छोट्या विमानावर हात बसवायचा, मग लाहोरच्या वॉल्टनला, मग अंबाला. १९४० च्या शरद ऋतूत असे २४ तयार पायलट इंग्लंडला पाठवले होते. आपले एअर चीफ मार्शल हृषिकेश मुळगावकर, मराठी माणूस, त्याच वर्षी नोव्हेंबरात कमिशन झाले, म्हणजे ऑफिसर झाले, म्हणजे त्याच धांदलीच्या काळातले.

पण क्लबांच्या भरवशावर एअरफोर्स उभं राहत नाही. म्हणून मग रीतसर साखळी बांधली. आधी जमिनीवरचं शिक्षण, परेड, मोर्स, गणित, नेव्हिगेशन. मग एलिमेंटरी स्कूल, म्हणजे ईएफटीएस, टायगर मॉथवर. अशी दोन होती, एक नंबर बेगमपेटला, दोन नंबर जोधपूरला. तिथून पास झाला की अंबाल्याला सर्व्हिस फ्लाइंग स्कूल, सुरुवातीला जुनी हार्ट आणि ऑडॅक्स विमानं, नंतर हार्वर्ड, आणि तिथं विंग्ज, म्हणजे छातीवरचा पायलटचा बिल्ला, मिळायच्या. आणि शेवटी १५१ नंबरचं ओटीयू, म्हणजे ऑपरेशनल ट्रेनिंग युनिट, १९४२ ला रिसालपूरला काढलेलं आणि नंतर पेशावरला हलवलेलं, तिथं हरिकेनसारख्या खऱ्या लढाऊ विमानावर. एवढं सगळं पार केल्यावर स्क्वाड्रन. १९४५ पर्यंत ह्या साखळीने एकाच्या नऊ स्क्वाड्रन केल्या. (त्यात पाच नंबरची स्क्वाड्रन नव्हतीच, ती १९४८ ला उभी राहिली, तेव्हा कुणी सांगितलं की आमचे आजोबा युद्धात आयएएफच्या पाच नंबरला होते, तर चहा पाजा आणि विषय बदला.)

दोन्ही एलिमेंटरी स्कूलं संस्थानांत निघाली हे मला नेहमी मजेशीर वाटतं. जोधपूरला महाराजा उमेदसिंगांना स्वतःलाच उडायची हौस, विमानतळ आणि फ्लाइंग क्लब तयार. हैदराबादेत निजाम सरकारने तीसच्या दशकातच बेगमपेटचा विमानतळ बांधलेला, तिथंही एरो क्लब. आणि निजामांचं विमानांवर पैसे घालणं जुनंच, पहिल्या महायुद्धात त्यांच्या पैशाने ११० नंबरची हैदराबाद स्क्वाड्रन झाली होती, दुसऱ्यात १५२ नंबरची. म्हणजे इंग्रजांना तयार धावपट्टी, तयार हँगर मिळाले. शिवाय १९४२ च्या एप्रिलात जपान्यांनी विशाखापट्टण आणि काकिनाड्यावर बॉम्ब टाकले, किनाऱ्याजवळ नवशिकी पोरं उडवणं आता परवडणारं नव्हतं, हैदराबाद आत पठारावर, हे माझ्या मते तरी कारण असणारच.

पठार म्हणतोय ते ध्यानात ठेवा. बेगमपेट साधारण ५३० मीटर उंचीवर, आपल्या नाशिकपेक्षा थोडंच खाली. काळे खडक, चैत्रात जमीन तव्यासारखी, आणि दुपारी अकरानंतर गरम हवा अशी उसळते की हलकं विमान पतंगासारखं वरखाली. त्यात टायगर मॉथ म्हणजे काय, लाकूड, कापड आणि तारा. १३० हॉर्सपॉवरचं जिप्सी मेजर इंजिन, चार सिलिंडर, उलटं बसवलेलं. ब्रेक नाहीत. शेपटीला चाक नाही, नुसती घासणारी स्किड. पेट्रोलची टाकी डोक्यावर वरच्या पंखात. इन्स्ट्रक्टर पुढं बसायचा, शिकणारा मागं, आणि सोलो, म्हणजे एकट्याने उडताना पण मागच्याच सीटवरून. बोलायला गॉस्पोर्ट ट्यूब, म्हणजे डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारखी नळी, त्यातून इन्स्ट्रक्टरच्या शिव्या थेट कानात. म्हणून तुमच्या पानांवरची बहुतेक उड्डाणं सकाळची असणार, पहाटे अंधारात विमानं बाहेर ढकलायची आणि ऊन तापायच्या आत जेवढं उरकेल तेवढं.

आणि हे ढकलायचं काम कुणाचं? लॉगबुकात ते नाव कधीच येत नाही म्हणून मी इथं थोडा थांबतो, राग मानू नका. टायगर मॉथला सेल्फ स्टार्टर नसतो, पंखा हाताने फिरवायचा. खालचा माणूस ओरडणार, स्विच ऑफ, पेट्रोल ऑन, कॉकपिटमधून तेच परत ओरडून उत्तर, मग पंखा चार-पाचदा हळू फिरवून इंजिनात पेट्रोल ओढून घ्यायचं, आणि मग ‘कॉन्टॅक्ट’, की एकच झटका आणि मागं. आम्हाला आमच्या म्हाताऱ्या वॉरंट ऑफिसरने पहिल्या दिवशी शिकवलं होतं की अंगठा पात्याला वेढा घालून धरायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा, कारण इंजिन उलटं मारलं तर अंगठा तिथंच राहतो. ही हाताने पंखा फिरवणारी माणसं म्हणजे हवाई सिपाही, सुरुवातीला आपल्या एअरमनना हाच हुद्दा होता. हरजिंदरसिंग इंजिनिअरिंगची डिग्री असून १९३० ला हवाई सिपाही म्हणून लागले आणि एअर व्हाइस मार्शल होऊन रिटायर झाले, आमच्या ट्रेडमध्ये हे नाव देवासारखं घेतात.

आता तुमचं लॉगबुक. हा रॉयल एअरफोर्सचा फॉर्म ४१४, आपल्याकडेही तोच चालायचा. डावीकडे तारीख, विमानाचा टाइप आणि नंबर, मग फर्स्ट पायलटचा रकाना, मग सेकंड पायलट किंवा प्युपिल, मग ड्युटी, आणि उजवीकडे तासांचे रकाने, दिवसाचे वेगळे, रात्रीचे वेगळे, ड्युअल, म्हणजे इन्स्ट्रक्टरबरोबरचे वेगळे, सोलो वेगळे. फर्स्ट पायलटच्या रकान्यात जिथं दुसऱ्याचं नाव आणि शेजारी ‘सेल्फ’ आहे तिथं आजोबा शिकत होते. जिथं पहिल्याच रकान्यात ‘सेल्फ’ आलंय आणि शेजारी ‘सोलो’, तिथं विमानात ते एकटे.

तुम्ही एक्सेलमध्ये बेरीज करून २३.८० काढलीत आणि विचारलंत की खाली सहीच्या वर ३१.४० कसं, आजोबांनी तास वाढवले का? नाही हो. ते दशांश नाहीत. ०.३५ म्हणजे पस्तीस मिनिटं, १.१० म्हणजे एक तास दहा मिनिटं. मिनिटांची बेरीज करून साठाने भागा, बरोबर ३१ तास ४० मिनिटं येतात, त्यात ड्युअल १९.२५ आणि सोलो १२.१५. खाली फ्लाइट कमांडरची सही आहे, ह्या वहीत तास वाढवणं सोपं नव्हतं.

ड्युटीच्या रकान्यात नुसते आकडे आहेत, २, ४, ६, ते धड्यांचे नंबर. दोन म्हणजे कंट्रोल्स हलवल्यावर काय होतं ते बघणं, चार म्हणजे सरळ आणि लेव्हल उडणं (ऐकायला सोपं, करायला महाकठीण), सहा म्हणजे साधी वळणं, सात टेक-ऑफ, आठ-नऊ लँडिंगचे दोन प्रकार, दहा म्हणजे स्पिन, मुद्दाम गिरकीत घालायचं आणि बाहेर काढायचं. पहिली सोलो अकरा नंबरची, म्हणजे त्याच्या आधी स्पिनमधून बाहेर काढता येणं सक्तीचं, मरायचं कसं नाही हे आधी शिकवायचे. तुमच्या चौथ्या पानावर मार्चच्या २४ तारखेला ‘११’ आहे, वेळ ०.१०. दहा मिनिटं. एक टेक-ऑफ, एक चक्कर, एक लँडिंग. त्याच्या आधी ड्युअल ११ तास ५० मिनिटं झालेत. आठ ते बारा तासांत सोलो हे तेव्हाचं सर्वसाधारण माप, म्हणजे आजोबा थोडे उशिरा, पण मापात. तो एक आकडा फ्रेम करण्यासारखा आहे खरं तर. पुढची सीट रिकामी, नळीत आवाज नाही, आणि गेल्या महिन्यापर्यंत ज्याने बहुतेक सायकलच चालवली असेल असा नाशिकचा पोरगा एकटा वर.

पाचव्या पानापासून मात्र गडबड दिसते. इन्स्ट्रक्टरचं नाव बदललंय. इन्स्ट्रक्टर आजारी पडतो, बदली होते, त्यात विशेष नाही, पण नंतर एकाच दिवशी दोनदा सर्किट अँड लँडिंग, म्हणजे चक्कर मारून उतरायचं, दोन वेगळ्या इन्स्ट्रक्टरबरोबर. सोलो झालेल्या मुलाला परत ड्युअल लँडिंगला बसवतात तेव्हा समजायचं की कुठंतरी दणके बसतायत. मग फोर्स्ड लँडिंगचा धडा चार वेळा, म्हणजे इंजिन बंद पडलं असं धरून वरून शेत निवडायचं आणि तिथं उतरायच्या बेतात यायचं. मग फ्लाइट कमांडरबरोबर टेस्ट. तीन दिवसांनी परत टेस्ट. आणि २७ एप्रिलला सीएफआय, म्हणजे चीफ इन्स्ट्रक्टरबरोबर ०.३५ ची टेस्ट, त्याखाली आडवी रेघ, बेरीज, सही, शिक्का. पुढचं पान कोरं.

ही चढती भाजणी मी खूप वह्यांत बघितलीय. इन्स्ट्रक्टर बदलून बघतात, मग फ्लाइट कमांडर, मग सीएफआय, आणि सीएफआयने नाही म्हटलं की ट्रेनिंग बंद. आमच्या वेळी पण ‘सस्पेंड झाला’ म्हणायचे. रॉयल एअरफोर्स असो, कॅनडातली ट्रेनिंगची ती प्रचंड योजना असो (एक लाख तीस हजारांवर एअरक्रू, म्हणजे विमानात उडणारी माणसं, तयार केली तिथं), सगळीकडे पायलट म्हणून आलेल्यांतले बरेच जण असे गळायचे आणि त्यात लाज वाटावी असं काही नव्हतं, पण घरी पत्रात कोण लिहिणार? वीस वर्षांचा पोरगा, गावभर पेढे वाटून गेलेला. सकाळी सीएफआयची टेस्ट आणि संध्याकाळच्या आत बिछाना गुंडाळून बराकीतून बाहेर, कारण राहिलेल्या पोरांच्या डोळ्यांसमोर तो नको. हे मी स्वतः बघितलंय, आमच्या स्टेशनवर, सत्तरीच्या दशकात. एका कॅडेटने जाताना हँगरमध्ये येऊन आम्हा फिटर लोकांना हात जोडले होते, काय बोलावं कुणालाच कळेना, शेवटी आमच्या कॉर्पोरलने त्याला चहा दिला.

पण आजोबांची एअरफोर्स तिथं संपली नाही, आणि हे तुमच्याच प्रश्नात आहे, तुम्ही सहज लिहून गेलात की ‘फोटोत छातीवर एका बाजूचाच पंख दिसतो, दुसरी बाजू कोटाच्या घडीत गेली असेल’. घडीत नाही गेली. पायलटला दोन पंख असतात. एकच पंख म्हणजे पायलट सोडून बाकीचा एअरक्रू, नेव्हिगेटर किंवा वायरलेस ऑपरेटर-गनर वगैरे, त्याच्या मुळाशी गोलात अक्षर असतं. बेगमपेटहून गळालेल्या पोरांना परत घरी पाठवणं एअरफोर्सला परवडत नव्हतं, मोर्स येतं, नकाशा कळतो, विमानात ओकत नाहीत, अशी पोरं सोन्यासारखी. १९४२ च्या डिसेंबरात आपल्या सात आणि आठ नंबरच्या स्क्वाड्रन व्हेंजन्स नावाच्या अमेरिकन डाइव्ह बॉम्बरवर उभ्या राहिल्या, आणि व्हेंजन्सला माणसं दोन लागतात, पुढं पायलट आणि मागं दुसरा. सरळ वरून खाली सूर मारायचा आणि मागच्याने उलटं तोंड करून आकाशाकडे बघत बसायचं, मला विचाराल तर पुढच्यापेक्षा मागच्याला जास्त छाती लागत असेल. आजोबा त्यातच गेले असं मी म्हणत नाही, ट्रान्सपोर्टला गेले असतील, आणखी कुठं गेले असतील. पण पंख मिळालाय म्हणजे पुढचा कोर्स त्यांनी पास केलाय, आणि त्या कोर्सपासूनचं लॉगबुक वेगळं असतं. पायलटचं ४१४, बाकी एअरक्रूचं दुसरं. म्हणजे ट्रंकेत किंवा तुमच्या आत्याकडे अजून एक वही असायला पाहिजे.

स्पिटफायरचं काय? आपल्या स्क्वाड्रनना स्पिटफायर मिळायला १९४४ चा उत्तरार्ध उजाडला, आणि पहिली मिळाली ती आठ नंबरला, जी आधी व्हेंजन्सवर होती. आता गंमत बघा, स्पिटफायर एका माणसाचं विमान. व्हेंजन्स गेली तेव्हा मागच्या सीटवाल्यांना त्या स्क्वाड्रनमध्ये जागाच उरली नाही. आजोबा जर खरंच आठ नंबरला असतील (जर हं), तर ‘आमच्या स्क्वाड्रनला स्पिटफायर आली’ हे त्यांचं वाक्य शंभर टक्के खरं, आणि ऐकणाऱ्याने त्याचं ‘आजोबांनी स्पिटफायर उडवलं’ केलं. घरातल्या गोष्टी अशाच वाढतात, कुणी खोटं न बोलता.

बेगमपेटचं पुढं काय झालं तेही विचारलंत. एअरफोर्स स्टेशन राहिलंच, अजून आहे. हैदराबादची सगळी प्रवासी विमानं मार्च २००८ पर्यंत तिथूनच उडायची, मग शमशाबादचा नवा विमानतळ झाला. एअर चीफ मार्शल इद्रिस लतीफ, जे पुढे आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल झाले, ते हैदराबादचेच, अठराव्या वर्षी भरती, १९४२ ला कमिशन, आणि पहिली नेमणूक कराचीला किनारा राखायला, जुन्यापुराण्या दोन-पंखी विमानांवर. टायगर मॉथला स्वातंत्र्यानंतर हळूहळू एचटी-२ ह्या आपल्या शिकवायच्या विमानाने बाजूला केलं, १९५१ ला उडालेलं, डिझाइन डॉ. विष्णु माधव घाटगे यांचं, आणि त्याचंही इंजिन चार सिलिंडरचं, उलटं. मी त्याच्यावरच शिकलो, त्यामुळे तुमच्या आजोबांच्या विमानाचा वास मला ओळखीचा आहे असं म्हणायला हरकत नाही, तेल गळायचंच ते, कितीही पुसा.

आता कामाचं. लॉगबुक लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका, आपल्याकडच्या पावसात प्लॅस्टिकच्या पिशवीत तर अजिबात ठेवू नका, जुन्या सुती कापडात गुंडाळून कपाटात आडवं ठेवा. प्रत्येक पानाचा दिवसाच्या उजेडात फोटो काढा, कोऱ्या पानांचा पण, कारण शेवटच्या पानांत पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं निघतं. पुठ्ठ्याच्या आत चिकटवलेले कागद बघा, टायगर मॉथची पेट्रोल, ऑइल, इग्निशन सिस्टिम मला समजली आहे अशी सही करून द्यावी लागायची, तो कागद आणि कोर्सच्या शेवटचा शेऱ्याचा कागद, ४१४-ए, असेल तर तो सगळ्यात महत्त्वाचा. लाल शाईच्या नोंदी दिसल्या तर घाबरू नका, रात्रीचे तास लाल शाईत लिहायची पद्धत होती. तुमच्या सहा पानांत एकही लाल नोंद नाही, ते बरोबरच आहे, एवढ्यात रात्रीचं शिकवणं सुरू झालेलं नसणार.

आणि तो छातीवरच्या पंखाचा फोटो मोबाइलवर झूम करू नका, फाटतं चित्र. भिंग घ्या, नाहीतर आजीचा जाड चष्मा, आणि पंखाच्या मुळाशी गोलात कुठलं अक्षर आहे ते बघून कळवा, इंग्रजी ‘एन’ असेल तर नेव्हिगेटर, एकाऐवजी दोन अक्षरं दिसली तर ती जशी दिसतात तशी काढून पाठवा.